वहीतली एक वाटी

धन्वी तांडेल. वय वर्ष एक, महिने सात.
दात आठ, त्यातले दोन अजून अर्धेच.
सकाळी सव्वाआठला प्रणोती तिला माझ्या दारात उतरवते,
कन्नमवार नगर, तळमजला, डाव्या हाताची खोली,
आणि पायातले बूट निघायच्या आधीच ही
स्वयंपाकघराकडे मान वळवून विचारते,
"मम्म?"

"अहो मावशी, घरून वाटीभर नाचणीचं सत्त्व खाऊन आलीये,"
प्रणोती म्हणते, कोणाचं तरी देणं राहिल्यासारखं तोंड करून,
आणि बस पकडायला पळते.

मग आमचा दिवस.
नऊला उपमा. आधी तिचा, मग अद्वयचा उरलेला.
(अद्वय एक घास गालात धरून दुपारपर्यंत बसतो,
त्याच्या आईला मी काय सांगणार?)
दहाला केळं. बारकी वेलची नव्हे, चांगलं हातभर.
अकराला शेजारचे रेडकरकाका ओट्यावर बसून
चहात खारी बुडवतात,
ही त्यांच्या गुडघ्याशी जाऊन उभी.
मागत नाही. नुसती बघते.
त्या बघण्यापुढे काकांच्या कितीतरी बशा हरल्यात.

बाराला वरणभात.
शितन् शित बोटानं टिपते,
ताटलीचा तळ दिसला की त्यावर थाप मारून म्हणते,
"आज्जून."
त्यातलं जोडाक्षर तिचं स्वतःचं,
एका ज मध्ये तिचं भागलं नसावं.

डॉक्टर म्हणाले, जंतांचं औषध देऊन बघू.
दिलं.
भूक वाढली.
काट्यावर बसवली तर नऊ किलो सहाशे,
त्यात हातातलं बिस्कीट धरलेलं,
तेही काटा थांबेपर्यंत गेलं.
एवढंसं चिपाड, हे सगळं जातं कुठे?
वरच्या मजल्यावरच्या बाया म्हणतात, भस्म्या झालाय.
एकजण तर म्हणाली, मुलीच्या जातीला इतकं बरं नव्हे.
मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते.
तीन. चार.

आम्ही पाच भावंडं.
गिरणी बंद पडली तेव्हा मी सहाची.
आई डाव हातात धरून विचारायची, "वाढू?"
आणि पातेल्याचा आवाज आम्हाला कळायचा,
भरलेल्याचा वेगळा, खरवडलेल्याचा वेगळा.
सगळ्यांत आधी "पुरे" म्हणायला मी शिकले.
गुणाची पोर, म्हणायचे सगळे.
अजूनही लग्नाच्या पंगतीत वाढपी वाकला
की माझा हात आपोआप पानावर आडवा जातो.
जिलबी असली तरी.
नंतर घरी येऊन मी चहापोळी खाते.

धन्वीला मी शब्द शिकवते.
काऊ. पंखा. हाऽ, गरम. पडलं.
परवा "खिडकी" म्हणाली, ती मात्र "खिकडी" झाली.
"पुरे" अजून घेतलेला नाही.
शिकेल कुठेतरी,
शिकवणारे पुष्कळ आहेत.

सातला प्रणोती येते.
मॉलमध्ये नऊ तास उभं राहून, लोकांना अत्तरं हुंगायला देऊन,
मनगटावर सात वास घेऊन येते.
पोर आधी ते मनगट चाटते, मग तोंड वेडंवाकडं करते,
मग पुन्हा चाटते.
"जास्त खाल्लं का हो? या महिन्यापासून दोनशे वाढवून देते."
मी वही पुढे करते.
उपमा, थोडा. केळं, अर्धं.
वरणभात, एक वाटी.

दोनशेसाठी तिचा जीव वरखाली होतो म्हणून असं लिहिते.
शिवाय दृष्टीचं काय सांगावं,
कागदालाही डोळे असतात.

आईच्या खांद्यावरून धन्वी माझ्याकडे बघत जाते,
हनुवटीला हळद.
तिला वाचता येत नाही ते बरं आहे.
तीन वाट्या झाल्या होत्या.
चौथी आम्ही दोघींनी संपवली,
जमिनीवर बसून, कुकरमधूनच,
वरून तूप घेऊन.