तीन मिलिमीटर

कन्ना चौकातल्या दुकानात, मागच्या खोलीत
मी काचा घासते.
पुढे मालक गिऱ्हाइकांशी बोलतात,
मागे माझी गाठ उजेडाशी.

तसा सरळमार्गी आहे तो.
हवेत नाकासमोर चालतो.
काच लागली की पाऊल जड होतं त्याचं,
आणि तिरका शिरला असेल
तर सुताच्या गठ्ठ्यांची हातगाडी
एक चाक वाळूत रुतल्यावर वळते
तसा वळतो एका अंगाला.
किती वळायचं, हे मी ठरवते
साडेतीनशे रुपये रोजावर.

सगळाच काही आत येत नाही.
शंभरातला चार हिस्से उंबऱ्यावरूनच परततो,
फोटोत चष्म्यावर पांढरा डाग होऊन बसतो.
त्यावर कोटिंग मिळतं, पण दोनशे जास्त पडतात.
इकडच्या पेठांत कुणी घेत नाही.
म्हणतात, फोटो काढतंय कोण आमचा.

राजमोगली गुंडेटी, वय एक्काहत्तर,
नंबर प्लस सहा.
चादरीच्या जेकार्डची कार्डं पंच करायचे,
ग्राफच्या एकेका चौकटीमागे एक भोक,
चाळीस वर्षं.
चष्मा नेला आणि चौथ्या दिवशी परत आले.
"जिन्याची पायरी वर यायलीय की ओ."
मालक म्हणाले, नवीन आहे, सवय होईल.
हे वाक्य आमच्याकडे
पुसायच्या फडक्यासारखं काउंटरवरच पडलेलं असतं.
आतून मीही म्हटलं, होईल.

मग बाराव्या दिवशी आले
ते घोट्याला पट्टी बांधून.

काच हातात घेतली, मार्कर लावला.
मध्य तीन मिलिमीटर खाली.
दोन्ही डोळ्यांना.
त्या दिवशी पारा चव्वेचाळीसवर होता,
लाइट जात-येत होती,
आणि मी बाहुलीसमोरचा ठिपका
अंदाजानं टेकवला होता.
भिंगाचा मध्य खाली सरकला
की जग बोटभर वर उचललं जातं.
माणूस पाय टाकतो दिसणाऱ्या पायरीवर,
आणि खरी पायरी त्याच्याखाली
मुकाट थांबलेली असते.

मी बाहेर आले. म्हटलं, चूक माझी आहे.
मालकांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.
राजमोगलींनी पाहिलं,
जुन्या चष्म्यातून, एक दांडी दोऱ्यानं बांधलेली.
रागावले असते तर बरं झालं असतं.
विचारलं, "किती?"
मी म्हटलं, तीन मिलिमीटर.
त्यांनी मान हलवली,
कारागिरानं कारागिराला हलवावी तशी.
"एकदा मोराच्या मानेत एक भोक चुकलं माझं.
नऊशे चादरी झाल्यावर कळलं.
कुणाकुणाच्या अंगावर आहे अजून
तो मान मोडलेला मोर."

काचा नव्या कापल्या, पैसे माझ्या रोजातून.
या वेळी ठिपका दोनदा मोजला,
मग तिसऱ्यांदा, उगीच.

त्या संध्याकाळी घरी जाताना
सिद्धेश्वर तलावाच्या कठड्याशी थांबले.
कडेच्या उथळ पाण्यात एक बगळा,
एका पायावर, काहीच न करता.
मासा दिसतो तिथे नसतो,
त्याहून खाली असतो.
पाणीही मध्य चुकवून बसवलेलं भिंगच म्हणायचं.
बगळ्यानं मान थोडी तिरकी केली,
दिसणाऱ्या माशाच्या खाली चोच मारली.
त्याला हे कुणी शिकवलं नाही.
मला बारावीला शिकवलं होतं,
पाच मार्कांना, आकृतीसकट.

राजमोगली परत आले नाहीत,
म्हणजे पायरी जागेवर आली असावी.
नातवाच्या हाती एक जुनं कार्ड पाठवलं,
पिवळं पडलेलं, रद्दीतलं.
सोबत निरोप काही नाही.
मी ते मागच्या खिडकीच्या गजाला अडकवलंय.
दुपारी तीनच्या सुमाराला
समोरच्या भिंतीवर उजेडाच्या ठिपक्यांच्या ओळी उमटतात,
सरळ, एकाखाली एक,
आणि एक ठिपका
ओळीच्या जरासा बाहेर.
काच कापण्याआधी
मी तो शोधते.