तार

मार्गशीर्षात, पन्नाशीला दोन वर्षं कमी असताना,
मी घोडी घेतली.
मूर्तिजापूरच्या बँडवाल्याकडून, सामानाशिवाय.
गावात शिरले तर शेवंताची सासू ओट्यावरून म्हणाली,
"वरात कोनाची वं बाई?"
"माझीच," म्हटलं,
आणि लगाम धरून तशीच पायी चालत राहिले.
बसायला खोगीर कुठे होतं?

रंग करडईच्या सुकल्या फुलाचा,
म्हणून करडई.
पाठीवर दोन्हीकडे रुपयाएवढे पांढरे ठिपके.
मला वाटलं, जातीचं लक्षण असेल.

कारंज्याला, धान्यबाजाराच्या मागे,
सखाहरी जिनगराचं दुकान.
आता तिथे ढोलाच्या वाद्या, कुत्र्यांचे पट्टे,
चेन तुटलेली शाळेची दप्तरं.
खोगिरं वर, आढ्याजवळच्या खुंट्यांवर.
भाच्याने, प्रज्योतने, लगेच एक हेरलं:
लाल मखमल, आरसे, जरीची झालर.
मी दुसरंच पाहत होते. रुंद बैठकीचं,
माझ्या गुडघ्यांना सोसेल असं.
दाबून पाहिलं,
सोफा घेताना पाहतात तसं.

"बसनार कोन?" म्हाताऱ्याने विचारलं.
"मी."
"थे दिसते. आन वाहनार?"
चप्पल सरकवून तो बाहेर आला,
लिंबाखाली.

मानेच्या मुळापासून तळहात फिरवत आणला
आणि ठिपक्यांवर थांबला.
"हे जातीचं नाई बाई. घाव हाय.
खोगीर जिथं खाते, तिथं केस पांढरे येतात."
मी मनात नवरदेव मोजू लागले.
एका लगीनसराईत चाळीस धरले,
फेटा, कट्यार, पुढ्यात बसवलेलं बारकं पोरगं,
आणि समोर फटाके.
आठ वर्षांचा हिशोब मधेच सोडून दिला.

"मखमलीचं आन रे."
पाठीवर चुलीची राख भुरभुरली,
खोगीर ठेवलं, दाबलं, उचललं.
राख चारच ठिकाणी पुसली गेली होती.
"चार बोटांवर अख्खा मानूस."
मग माझं, रुंद बैठकीचं.
मला मागून वाकून पाहायला लावलं.
"काय दिसते?"
"काही नाही. अंधार."
"मंग नाई जमत. कन्यावर काहीच टेकू नाई.
मधातून उजेड दिसला पाह्यजे, इकून तिकडं."

एकाची शिवण उसवून दाखवली. आत कापूस,
गाठी झालेला, जुन्या गादीसारखा.
"लोक फालतू मानसाले खोगीरभरती म्हनतात.
त्याइनं कधी खोगीर उसवलं नाई.
मी लोकर भरीन. धनगराकडची.
पन आज नाई."

बांधकामाची तार घेतली, दुहेरी पिळलेली,
करडईच्या पाठीवर आडवी ठेवली,
दोन्ही कडांनी दाबत खाली नेली.
करडई आक्रसली, जणू तारेलाही वजन होतं.
उचलली तेव्हा तिची पाठ
त्याच्या हातात होती, अरुंद,
उतरत्या छपरासारखी.
"वाळली हाय. हिच्या आजच्या पाठीले शिवलं
तर दोन मयन्यात थेच खाईन.
कुटार घाला, हरभरा घाला, चढावानं पायी फिरवा.
तार बसेनाशी झाली का या."
तारेचे पाच रुपये घेतले.

अकरा किलोमीटर परत.
प्रज्योत पूर्ण रस्ताभर फुगलेला,
दोन्हीकडे तूर फुललेली,
आणि माझ्या पिशवीत एक वाकडी तार.
शेवंताच्या सासूने पुन्हा विचारलं.
मी ऐकलं नाही असं केलं.

ती चुलीशेजारच्या खिळ्याला टांगली.
दर रविवारी काढायची, पाठीवर ठेवायची,
पुन्हा टांगायची.
कुणी विचारलं तर सांगायचे, कपड्यांचा हँगर आहे.
पहिले कितीतरी रविवार
तार टेकली की तिची कातडी थरथरे.
मग एकदा नुसते कान हलले.
मग तेही नाही.

होळीच्या आधीच्या रविवारी
तार खाली जाईना.
कडांना अडकून राहिली, मधे उचललेली.
प्रज्योतला हाक मारली. तो मागे जाऊन वाकला,
एक डोळा मिटून.
"आत्या," म्हणाला, "उजेड."