विक्रीसाठी नाही

रात्री साडेनऊला तिकडे ॲरिझोनात सकाळ सुरू होते
आणि इकडे तोंडवळीत माझी पाळी.
तिथल्या दवाखान्यांची बिलं मी आकड्यांत बसवते:
पडलेल्याला एक आकडा, भाजलेल्याला एक,
कुत्रा चावला तर वेगळा,
पोपट चावला तर त्याहून वेगळा.

शिमग्याच्या आदल्या आठवड्यात एक सर्पदंश आला.
पुरुष, वय एकसष्ट, डावा घोटा.
विषावरच्या औषधाच्या बारा कुप्या.
एका कुपीचा भाव रुपयांत करून पाहिला,
पुन्हा केला, शून्यं मोजली.
आमची होडी इंजिनासकट त्यात आली असती,
वर जाळी.

बारा दिवसांनी बाबी मेथरांना फुरसं चावलं.
कातळावर, चिऱ्यांच्या ढिगात,
करवत घासल्यासारखा आवाज करणारं वीतभर जनावर.
माझ्या स्कूटरवर मध्ये बाबी, मागे रखमामामी त्यांना आवळून धरून,
आणि तोंडाने गावातल्या एकेका देवाला हाका.
आरोग्य केंद्रातली डॉक्टर माझ्याच वयाची.
तिने फ्रीजमधून कुप्या काढल्या. मी सवयीने मोजल्या. दहा.
सवयीनेच लेबल वाचलं, किंमत कुठे लिहिलीय बघायला.
तिथे छापलं होतं:
शासकीय पुरवठा. विक्रीसाठी नाही.

इथेच थांबता आलं असतं तर बरं होतं.

पण तिसऱ्या दिवशी लघवी तांबडी झाली
आणि मूत्रपिंडाचं मशीन बांबोळीला.
गाडीभाडं, लॉजची खोली,
बाहेरून आणायच्या औषधांची चिठ्ठी, मग दुसरी चिठ्ठी,
मामीच्या कानातल्या कुड्या.
फुकटालाही पायऱ्या असतात.
शेवटचीच्या पुढे एकदम खोल पाणी.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर मी तिला त्या दुसऱ्या घोट्याची गोष्ट सांगितली.
ती म्हणाली, "साप तसलोच, ईख तसलाच,
मगे थय येवढे पैशे कित्या?"

मी म्हटलं, मामी, तिथे भाव आधीच फुगवून लिहितात,
विमावाला घासाघीस करून तो उतरवतो,
बैलबाजारात टॉवेलाखाली बोटं दाबतात ना, तसं.
जो एकटा येतो त्याला फुगलेलाच लागतो.
दुसरे काही देश आहेत,
तिथे रापण ओढतात तसा सगळ्यांनी दोर धरलेला,
धडधाकट, म्हातारे, उद्या आजारी पडणारे,
आणि औषधवाल्यासमोर सगळ्यांच्या वतीने एकच माणूस उभा.
त्याला नको म्हणता येतं.

"आणि हय?"

इथे दोर आहे, मामी. मध्येच विरलाय.

एक गोष्ट तिला सांगितली नाही.
डॉक्टर, कुपी, खाट सोडून
त्या बिलावर आणखी कितीतरी पोटं चालतात:
लिहिणारे, तपासणारे, नाकारणारे,
नाकारलेलं पुन्हा मागणारे,
आणि तोंडवळीत रात्र जागणारी मी.
बांबोळीची गाडी माझ्या पगारातून केली होती.
म्हणजे तिकडच्या एका सुजलेल्या घोट्याने
बाबी मेथरांना पत्रादेवीचा नाका ओलांडून नेलं
आणि त्या माणसाला याचा पत्ताच नाही.

चैत्र सरता सरता बाबी घरी आले.
दोराला हात लावायचा नाही अजून,
तरी रापणकरांनी वाळूवर त्यांचा वाटा काढून ठेवला,
बांगडे आणि थोडी तारली, बाकीच्यांएवढाच.
टोपलीत भरता भरता मामी थांबली.

"तेच्या घरच्यांनी काय इकल्यानी गो?"
"कोणाच्या?"
"त्या घोट्यावाल्याच्या."

त्या फाईलमध्ये खूप रकाने आहेत.
मी उभ्या उभ्या एकेक आठवून पाहिला.