ओ

लहानपणी गोदेच्या अलीकडच्या घाटावर बसून
मी पलीकडच्या परटिणीचं धुणं बघायची.
कापड दगडावर आपटलेलं आधी दिसायचं,
आवाज मागाहून, पाण्यावरून चालत यायचा.
मधल्या त्या रिकाम्या जागेत
मी एक बोट मिटायची.
आज त्याच बोटाचा पगार मिळतो.

दिंडोरीच्या अलीकडे टेकडीवर आमचा घुमट आहे.
गावात कुणी त्याला दुर्बीण म्हणतं, कुणी हवामान खातं,
दूधवाला 'हिरव्या बत्तीचं ऑफिस'.
काम साधं: वर हाक मारायची
आणि ओ कधी येते ते मोजायचं.
वर म्हणजे नऊशे किलोमीटर.
हाक म्हणजे हिरव्या प्रकाशाची ठिणगी, सेकंदाला हजार.
ओ देतो तो काचांनी मढवलेला गोळा,
ज्याच्यात यंत्र नाही, बॅटरी नाही,
नुसतं आल्या वाटेनं परत पाठवणं.

माझं काम त्याहून कमी दिसणारं.
मी पाळ्या लावते.
पश्चिम ऑस्ट्रेलियातला मॅलरी, मग आम्ही,
मग बाल्टिकच्या काठावरची इल्झे.
गोळा एकाच्या आभाळातून दुसऱ्याच्या आभाळात जाताना
मधे कुणी पेंगलेलं नसावं, एवढंच.
आणि ओझरला फोन: विमान नाही ना वर?
नाही म्हणाले तरी तौफिक बाहेर कठड्याला टेकून उभा,
मफलर कानांवर, हातात लाल बटण.

त्या जानेवारीत, पहाटे तीन सतरा.
मॅलरी म्हणाला, ढग.
इल्झे म्हणाली, बर्फानं घुमट अडकलाय,
झाडू घेऊन वर चाललेय, मला धरून चालू नका.
म्हणजे त्या फेरीला अख्ख्या कमानीत एकटे आम्ही.
पडद्यावर नुसती मुंग्यांची पळापळ,
ओळ काही उमटेना.
तौफिक आत आला. "मॅडम, धूर."

खाली द्राक्षबागांत शेकोट्या पेटलेल्या.
पारा चारवर; मणी तडकू नयेत म्हणून
बांधाबांधावर ओला पाचोळा धुमसत.
आणि थंडीत धूर वर चढत नाही,
टेकडीला पाठ लावून बसतो.

दौलत बोरस्त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला.
"काका, वरचा ओ देत नाहीये. थोडा वेळ विझवता येईल?"
"किती वेळ?"
"अकरा मिनिटं."
"बाई, मण्याला मिनिटं कळतात का?"
मग जरा थांबून, "निघाला का तो?"
"निघाला. आता सहाच राहिली."
"मग जाऊ द्या की. परत येईल ना?"
येईल. पण ही फेरी येणार नाही.
हे मी बोलले नाही. त्यांच्या हंगामाचंही तसंच होतं.

फोन कुणीच ठेवला नाही.
पलीकडे काटक्या मोडल्याचा आवाज,
कुणाला तरी दटावणं, "खालच्या अंगानं लाव रं, वारा बघ."
त्यांनी विझवलं नाही.
टेकडीकडची एक रांग तेवढी मोडून खाली नेली.

शेवटच्या दोन मिनिटांत ठिपके आले.
एक. बराच वेळ काही नाही. मग तीन लागोपाठ.
लाखो हाकांना सगळ्या मिळून नऊ.
नोंदवहीत मी लिहिलं: परतावे नऊ. अडथळा: द्राक्षं.
दुसऱ्या दिवशी मॅलरीनं विचारलं,
हा कुठल्या जातीचा ढग?

टेकडी दरसाल चारपाच सेंटिमीटर ईशान्येला सरकते,
घुमट, बागा, ओझरची धावपट्टी, सगळ्यांसकट.
कुणाला जाणवत नाही.
कळतं ते असल्याच ठिपक्यांतून, वर्षानुवर्षं वेचून.

उजाडताना बोरस्त्यांचा फोन. आवाज धुरानं घोगरा.
"दिली का ओ, तुमच्या त्यानं?"
"नऊदा."
"एवढीच?"
"चालेल. घड?"
"त्या रांगेचे गेले दोनचार. बाकीचे आहेत."
मग दोघांनाही काही सुचेना.
तौफिकनं घुमट मिटला.
मी पुढची पाळी लावली, सात चाळीस,
इल्झेला विचारलं बर्फ निघाला का,
आणि उत्तर येईपर्यंत
एक बोट मिटून बसले.