शेऱ्याचा रकाना

खानापुरात, जुन्या कौलांच्या कारखान्याच्या गोदामात
आता संग्रहालय आहे.
बेळगावची बस चुकली, मी उशिरा पोचले, की हिरेमठ मॅडम
घड्याळाकडे बघत नाहीत,
माझ्या चपलांकडे बघतात.

पहिला आठवडा नुसती धूळ.
कॉलेजात जलरंगासाठी जपलेला माझा बारीक कुंचला
इथे मडक्यांच्या कानामागून माती काढतो.
मातीवरची माती.
कुठली ठेवायची, कुठली झटकायची
हे कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

वहीत रकाने सात:
क्रमांक, वस्तू, उंची, तोंडाचा घेर,
कुठे सापडली, अवस्था, शेरा.
वस्तू काय लिहू, विचारलं तर ईरण्णा म्हणाले, मडिके.
मी म्हटलं, मडकं.
तेच की गे, तुझ्यात तोंड जरा मिटतंय, एवढंच.

मग चित्रं. कागदावर मधोमध रेघ,
अर्धं भांडं बाहेरून, अर्धं चिरून.
कॉलेजात सावली दे म्हणतात,
इथे सावली दिली की मॅडम खोडायला लावतात.

बारा नंबरच्या कानाच्या बुडाशी
अंगठ्याचा खळगा सापडला,
भलतीकडेच कललेला.
मी माझा डावा अंगठा टेकवला. बसला नाही,
तो रुंद होता. पण कल तोच,
ज्या हातावर पहिलीत बाईंची पट्टी बसायची
त्या हाताचा.

एडगै, ईरण्णा म्हणाले,
आणि चहा गार होतोय म्हणाले.
मॅडम म्हणाल्या, पुरावा?
मी अंगठा दाखवला.
त्या हसल्या, बहुतेक पहिल्यांदाच,
आणि तेरा नंबर काढायला सांगितला.

शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट मिळालं.
त्यात मुतगेकरचं मुटगेकर झालंय.
दुरुस्त करून देतो म्हणाले. राहू दे म्हटलं.
सगळे जेवायला गेल्यावर वही उघडली,
शेऱ्यात लिहिलं: घडवणारा हात डावा असावा.
कुंभाराचा की कुंभारणीचा,
तेवढी जागा नव्हती.
पेन होतं. पेन्सिलीनंच लिहिलं.

लोंढ्याकडे मालगाडी गेली
तशी फळीवरची मडकी एकमेकांना लागून
बारीक वाजली.
बारा नंबर नाही वाजलं.
त्याला तडा आहे,
अवस्थेच्या रकान्यात मीच लिहिलाय.