मध्यम

जानेवारीत आमच्या लष्करात सतार जुळवायची
तर आधी हात जुळवावे लागतात.
शेगडीवर धरायचे, काखेत दाबायचे,
मग खुंट्यांकडे वळायचं.
यंदा त्यात एक भर पडली:
गुडघ्याशी ठेवलेली काळी काच.

निनादने पुण्याहून आणली. "मावशी, जुना डबा टाक आता.
बटणं तरी कुठे उरलीत त्याला?"
खरंच होतं. स्वराच्या बटणाच्या जागी
टूथपेस्टचं झाकण बसवलंय मी, आठ वर्षं झाली.
पंचम-मध्यमचा खटका झिजून गुळगुळीत.
पण अंधारात, न बघता, दोन रागांच्या मधे
डावा हात त्याच्यापर्यंत जाऊन यायचा
शेजारच्या घरी वाटी देऊन यावी तसा.
नुसता हात ठेवला तर डबा काही करायचा नाही.
थांबायचा. माझं ठरेपर्यंत.

काचेवर हात ठेवून विचार करता येत नाही.
शिवलं की झालं.
किंवा शिवूनसुद्धा नाही झालं.

बिहाग संपला. पुढे मालकंस, पंचम वर्ज्य,
आणि काच आपली पंचमच गातेय.
उजव्या तर्जनीत मिजराब, ती नुसतीच टकटकली.
डावी तर्जनी लावली:
पंचेचाळीस वर्षांचा घट्टा, त्यात तारेने कोरलेली काळी रेघ.
काचेने तिला बोट मानलंच नाही.
मधलं बोट. तेच.
रेशनच्या दुकानातलं यंत्र असंच करतं.
"अम्मा, फिर से लगाओ."
पदराला पुसून मी पुन्हा लावते
आणि यंत्र म्हणतं, ही बाई ती बाई नाही.

शकूरमियां तबल्यावरून वाकले.
पावडरीचा पांढरा ठसा उमटला काचेवर,
पंचम चालूच.
"बाजी, इसके हिसाब से तो हम दोनों गुज़र चुके,"
ते कानाशी म्हणाले, आणि मला हसू आलं,
स्टेजवर येऊ नये तेव्हा.

मग पहिल्या रांगेतून वैद्यांची नात उठून आली,
सात वर्षांची, बोटांना गजक.
एकदा लावलं: षड्ज अर्ध्या स्वराने वर.
पुन्हा लावलं: तंबोऱ्याचा टांगा झाला, पळायलाच लागला.
मागे कोणीतरी हसलं.
ग्वाल्हेरला मागच्या रांगेत जाणते बसतात,
म्हणून जरा जास्त लागलं.

मी वायर ओढली.

उरली ट्यूबलाइटची घरघर,
कुठल्याच पट्टीत न बसणारी.
जोडाची तार उतरवून मध्यमात आणली,
चिकारीला एरवीपेक्षा जास्त बोलावलं,
आणि शिरले.
वाईट नाही झालं. छानही नाही.
एकदा गंधार लागला तो उपाशी लागला,
मला माहीत आहे, शकूरमियांना माहीत आहे,
त्यांनी त्या जागी ठेका जरा भरून दिला.

घरी येऊन काच कपाटावर ठेवली,
प्लग लावून, निनादने विचारलं तर
वापरतेय म्हणायला.

रात्री तीनला कोयरी कपाटावर चढली.
आमची मांजर. मऊ, ओलसर, गरम तळवे.
काचेवरून चालत गेली, काच उजळत गेली तिच्या मागे,
आधी षड्ज,
मग मध्यम.
स्वच्छ. ठाय लयीत. वेळसुद्धा बरोबर.

मी रजईतून हात बाहेर काढला नाही.
अंगठ्याने घट्टा चाचपत पडून राहिले.
कोयरीला ऊब सापडली होती.
ती तिथेच बसली,
आणि मध्यम पहाटेपर्यंत.