सात वर्षांचा शेला

लक्ष्मीपुरीतल्या लाँड्रीवाल्यानं
शेला चौघडी करून पुढे ठेवला, वर चिठ्ठी टाचलेली:
सर्व डाग काढले. जादा आकार नाही.

त्याच्या तोंडावर इतकं समाधान होतं
की मला रागावताच आलं नाही.

अकरा दिवस लागले होते त्या डागांना.
आधी हिरड्याच्या पाण्यात रात्रभर,
मग गूळपाण्यात गंजके खिळे टाकून
आठवडाभर आंबवलेलं काळं पाणी, चिंधीनं टिपत टिपत.
तालमीतली तांबडी माती मागून आणली, चाळली, काठांना चोळली.
घाटाच्या पायरीवर बसून वजरीनं घासताना
दस्तगीरचाचा शेजारी, हात न लावता, नुसता बघत.
"सगळीकडं नगं झिजवू, पोरी.
माणूस जिथं धरतो तिथंच कापड म्हातारं होतंय.
ह्यो गडी धरतोय कुठं?"

पटकथेत तसलं काही नव्हतं.
शिलेदार, सात वर्षांनी घरी परततो. बस.
मग मीच ठरवलं, तो डावखुरा.
तलवार उजव्या कमरेला, म्हणून तिकडचा पीळ विरलेला.
घोड्यावर डुलकी लागू नये म्हणून टोक दातांत धरतो,
ते टोक कडक आणि फिकं.
आणि घर आठवलं की डाव्या अंगठ्यानं
एकच जागा चोळत राहतो.
ती जागा मी चोळली, केएमटीच्या बसमध्ये,
मोरेवाडी ते गंगावेस, जाता-येता.
कंडक्टरला वाटलं असेल, बाई जप करते.

नट उजवा निघाला.
शेला उलटा बांधला.

आणि आता हा. कोरा, इस्त्रीचा, साबणाच्या वासाचा.
उद्या सकाळी सातला चित्रनगरीत राहिलेला तुकडा:
दोन महिन्यांपूर्वी उंबऱ्याबाहेर उभा केलेला माणूस
उद्या पाऊल आत टाकणार,
आणि मध्ये फक्त एक श्वास गेलेला असला पाहिजे.

रात्री लॅपटॉपवर चित्र थांबवून बसले.
पडद्यावरचा तपकिरी आणि बादलीतला तपकिरी
एकमेकांना ओळख देईनात.
चहा घातला, परमँगनेटचे दोन दाणे घातले,
हेअर ड्रायरनं वाळवलं, बघितलं, पुन्हा भिजवलं.
अकराच्या सुमाराला रंग जरा बोलायला लागला
तेव्हा चित्रात दिसला तो ठिपका:
अंगठ्याच्या जागेच्या वर, हरभऱ्याच्या डाळीएवढा, केशरी.

हा माझा नव्हता.

चाचाला फोन लावला. तो झोपेत हसला.
"जेवला असंल की गं. सात वर्षांत एकदा तर जेवला असंल."

खाणावळ बंद होत होती. तांबडा रस्सा पाहिजे म्हटलं.
"किती ताटं?"
"एक थेंब."
मालकानं माझ्याकडे बघितलं, बादलीकडे बघितलं,
काही न विचारता वाटी भरून आणली, सोबत भाकरी.
चमच्यानं टाकलेला थेंब फार गोल पडला,
कुणी मुद्दाम टाकल्यासारखा.
पुसला. बोटानं टाकला. तो चित्रातला वाटेना.
शेवटी शेला कमरेला गुंडाळून मांडी घालून बसले
आणि जेवायला लागले,
खूप लांबून आल्यासारखी, कुणाकडे न बघता.
मालक खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवत होता.
तिसऱ्या घासाला तो आपोआप पडला.

नेमका तिथं नाही. बोटभर खाली.

सकाळी कंटिन्युइटीवाली पोरगी
फोटो आणि शेला आलटून पालटून बघत राहिली,
मग म्हणाली, "हं."
शिलेदारानं पाऊल आत टाकलं.
शेला पडद्यावर दिसेल तो दोन सेकंद,
तेही समईच्या मागं, धूसर.

लाँड्रीवाला अजून रस्त्यात भेटला की सायकल थांबवतो.
"ताई, डाग परत आलं न्हाईत न्हवं?"
"न्हाई," मी म्हणते.